८,३०० रुपयांची पावती

२०१६ च्या एप्रिलमधली गोष्ट. अब्बा सकाळी बँकेत पासबुक भरून घ्यायला गेले आणि दुपारी परत आले ते गप्पच. जेवण झाल्यावर त्यांनी पासबुक माझ्यापुढे सरकवलं. मुदत ठेवीच्या व्याजातून ३,२०० रुपये कापले होते. समोर तीन अक्षरं होती. टीडीएस.

अब्बांनी पस्तीस वर्षं भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिले. घरात आम्ही उर्दू-मराठीची खिचडी बोलायचो, पण आकडा आला की अब्बा मराठीवर यायचे. पावकी, निमकी, अडीचकी त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होती. निवृत्तीनंतर हातात आलेले चार लाख रुपये कुठे ठेवायचे, हा प्रश्न घरात बरेच दिवस चालला. व्याज खायचं नाही हा त्यांचा नियम. आणि चार लाख कपाटात ठेवायची छाती नव्हती. शेवटी ठरलं की पैसे बँकेत ठेवायचे, पण व्याजाचा एक रुपयाही घरात वापरायचा नाही. तो गरजूंना द्यायचा आणि त्याचा सवाबही आपल्या नावावर धरायचा नाही, कारण मुळात ते पैसे आपले नाहीतच. अनेक मुस्लिम घरांत असंच करतात. अब्बांनी त्यासाठी वेगळी वही घातली होती. आमच्या गल्लीतल्या एका विधवा बाईच्या मुलाची शाळेची फी त्या वहीतून जायची.

म्हणजे कापलेले ३,२०० रुपये अब्बांच्या हिशेबाने त्या मुलाचे होते.

अब्बांचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली. अशा ज्येष्ठ माणसाने बँकेत १५ एच फॉर्म दिला की टीडीएस कापत नाहीत. अब्बांनी तो दिला होता. बँकेत सांगितलं, नोंद सापडत नाही. पोच घेतली आहे का? नव्हती घेतली. मग रिटर्न भरा आणि परतावा मागा. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिलेल्या माणसाने सत्तराव्या वर्षी सायबर कॅफेत बसून पहिल्यांदा आयकराचं रिटर्न भरलं. तेही स्वतःचेच पैसे परत मिळावेत म्हणून.

योगायोग असा की त्याच आठवड्यात ‘पनामा पेपर्स’ बाहेर आले. पनामातल्या मोझॅक फोन्सेका या वकिली कंपनीची सुमारे एक कोटी पंधरा लाख कागदपत्रं एका जर्मन दैनिकाच्या हाती लागली होती. शंभराहून जास्त माध्यमसंस्थांच्या पत्रकारांनी मिळून वर्षभर ती वाचली. आपल्याकडे ‘इंडियन एक्सप्रेस’ने रोज पानंच्या पानं छापली. सुमारे पाचशे भारतीयांची नावं होती. आइसलँडच्या पंतप्रधानांना दोन दिवसांत पद सोडावं लागलं.

मी तेव्हा कल्याणहून ठाण्याला नोकरीला जायचो. सकाळची फास्ट लोकल, ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप. त्या आठवड्यात डब्यात पनामाशिवाय विषय नव्हता. नट, उद्योगपती, बिल्डर, सगळ्यांचा उद्धार चालला होता. मी ऐकत होतो, आणि मला पाच वर्षांपूर्वीचा तोच डबा आठवत होता.

२०११ च्या मार्चमध्ये पुण्याच्या हसन अली खानला अटक झाली तेव्हा मी डब्यात शिरलो की एक काका हसत विचारायचे, “काय, तुमच्या हसन अलीने आणला का पैसा?” काका मनाने वाईट नव्हते. माझा डबा खायचे, ईदला शिरखुर्मा मागून घ्यायचे. पण ‘तुमच्या’ हा शब्द लागायचा. हसन अली हा शर्यतीच्या घोड्यांचा मालक. २००७ मध्ये आयकर विभागाने त्याच्या घरावर छापा घातला. स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेत त्याचे आठ अब्ज डॉलर आहेत, असं सांगितलं गेलं. काही वर्षं ‘काळा पैसा’ म्हटलं की त्याचाच फोटो यायचा. त्यावरूनच दुसरंही एक वाक्य यायचं, “तुम्ही लोक तसाही कुठे टॅक्स भरता?” पगारातून दर महिन्याला कापला जाणारा कर आणि साबणाच्या वडीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक वस्तूवर जाणारा कर मी कुठल्या खात्यात दाखवायचा, हे मला तेव्हा सुचलं नाही. मीही हसून घ्यायचो.

पुढे यूबीएसने सांगितलं की असं खातं नाहीच आणि दाखवलेली कागदपत्रं बनावट आहेत. ते आठ अब्ज डॉलर कधी सापडले नाहीत. २०२३ मध्ये हसन अली वारला. त्याला निर्दोष म्हणायचं माझ्या मनात नाही, त्याच्यावर इतरही आरोप होते. पण एवढ्या मोठ्या विषयाचा चेहरा म्हणून देशाने जो माणूस निवडला होता, त्याच्या नावावरचा आकडाच हवेतला निघाला.

याची दुसरी बाजूही सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पँडोरा पेपर्स आले, तेव्हा त्यात सचिन तेंडुलकरचं नाव होतं. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधली एक कंपनी, जी पनामा पेपर्सनंतर २०१६ मध्ये बंद केली गेली. सचिनच्या वकिलांनी सांगितलं की गुंतवणूक कायदेशीर आहे, कर भरलेल्या पैशातून आहे आणि आयकर विभागाला कळवलेली आहे. तोवर आमचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. तिथे पाच मिनिटांत एकमत झालं. सचिन असं करणारच नाही. खरं सांगायचं तर मीही अंगठा दाखवला. त्याचं म्हणणं खरं असेलही, परदेशात कंपनी असणं हा काही गुन्हा नाही. पण कुणाकडे पुरावा मागायचा आणि कुणाच्या वकिलाचं एक वाक्य पुरे मानायचं, हे आपण नाव वाचूनच ठरवतो, आणि त्या दिवशी मीही तेच केलं.

नावांत अडकलं की रस्ता दिसत नाही. मला तो रस्ता नीट दिसला तो माझ्या मोबाईल नंबरमुळे.

कल्याण स्टेशनबाहेरच्या दुकानातून मी पहिलं सिम घेतलं तेव्हा कंपनीचं नाव ऑरेंज होतं. मग ते हच झालं, तो कुत्रा मागे मागे चालणारी जाहिरात आली. मग एके दिवशी हचचं व्होडाफोन झालं. नंबर तोच, टॉवर तोच, कधीच नीट न येणारी मुंब्र्याच्या बोगद्यातली रेंजही तीच. बदलला तो मालक. २००७ मध्ये हाँगकाँगच्या हचिसनने भारतातला धंदा सुमारे ११ अब्ज डॉलरला व्होडाफोनला विकला.

पण तो विकला कुठे? भारतात नाहीच. केमन बेटांवर सीजीपी नावाची एक कंपनी होती. तिच्या खाली दुसऱ्या कंपन्या, त्यांच्या खाली मॉरिशसच्या कंपन्या, आणि अगदी तळाला आमचे टॉवर आणि आम्ही दोन कोटींहून जास्त गिऱ्हाईकं. व्होडाफोनच्या नेदरलँड्समधल्या कंपनीने त्या केमनच्या कंपनीचा एक शेअर विकत घेतला. एकच शेअर. त्याबरोबर तळापर्यंत सगळं आलं.

आयकर विभाग म्हणाला, मालमत्ता भारतातली, नफा तिच्यावरचा, तेव्हा व्होडाफोनने हचिसनला पैसे देताना टीडीएस कापायला हवा होता. मागणी सुमारे अकरा हजार कोटींची. व्होडाफोनचं उत्तर होतं, दोन परदेशी कंपन्यांनी एका परदेशी कंपनीचा शेअर परदेशात विकला, भारताचा संबंध काय? २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर विभागाच्या बाजूने निकाल दिला. २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ही रचना जुनी आहे, खोटी नाही, आणि कायद्यात असा व्यवहार बसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मग सरकारने त्याच वर्षी मागच्या तारखेपासून लागू होणारा कायदा केला. खेळ झाल्यावर नियम बदलणंही न्यायाचं नव्हतं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात सरकार हरलं आणि २०२१ मध्ये तो कायदा मागे घेतला गेला.

ही सगळी हकिगत मी वाचली तेव्हा डोळ्यांपुढे अब्बांचं पासबुक आलं. तिथेही टीडीएस आणि इथेही टीडीएस. एका ठिकाणी लागू नसताना कापला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी तो लागू होतो की नाही हे ठरवायला देशातले सर्वांत महागडे वकील पाच वर्षं बोलत होते.

मॉरिशसचंही तसंच. शाळेत आम्ही शिकलो होतो की कोकणातून माणसं तिथल्या ऊसमळ्यांवर मजुरीला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. १९८२ मध्ये भारताने मॉरिशसशी करार केला की एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे कर लागू नये. मॉरिशसच्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा कमावला तर कर मॉरिशसने घ्यायचा. आणि मॉरिशसमध्ये अशा नफ्यावर करच नव्हता. दोनदा कर नको म्हणून केलेल्या करारातून एकदाही कर न भरण्याची सोय झाली. बघता बघता तो चिमुकला देश भारतातला सर्वांत मोठा परदेशी गुंतवणूकदार झाला. त्यातला काही पैसा इथूनच जाऊन फेरी मारून परत आलेला, हे सगळ्यांनाच कळत होतं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाट कायदेशीर ठरवली. करार बदलायला २०१६ उजाडलं. कोकणातून मजूर घाम गाळायला गेले ते तिथलेच झाले. पैसा नुसता कागदावर गेला आणि साहेब होऊन परत आला.

आमच्या कल्याणमध्ये पूर्वी जकात नाके होते. ट्रक आला की थांबायचा, माल मोजायचे, पावती फाडायचे. ‘माल कल्याणचा, पण मालकी केमनची’ असं सांगून पुढे जायची सोय ट्रकवाल्याला नव्हती. गंमत अशी की नाक्यावरची जकात आणि मुसलमान वर्षाला देतो ती जकात, हा शब्द एकच. अरबीतून फारसीत आणि तिथून मराठीत आलेला. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, अब्बा रमजानमध्ये देतात ते पैसे नाक्यावरच भरावे लागतात.

जकातीचा नियम असा. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती एक चांद्रवर्ष तुमच्याकडे राहिली की तिचा अडीच टक्के हिस्सा गरिबांचा. आता, नियम आला की पळवाट आली. वर्ष पूर्ण व्हायच्या आठ दिवस आधी सगळे दागिने आणि पैसा बायकोच्या नावे करायचा. तिचं वर्ष भरत आलं की तिने परत नवऱ्याच्या नावे करायचा. वर्ष कुणाचंच पूर्ण होत नाही आणि जकात कुणालाच लागू होत नाही. याला फिकहमध्ये ‘हीला’ म्हणतात, आपल्या मराठीत क्लृप्ती म्हणू. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे विद्वान यावर भांडलेत. काही म्हणत, अक्षर पाळलं गेलं, या दुनियेच्या काजीला काही करता येणार नाही. दुसरे म्हणत, हेतू मारलात तर अक्षराला काय अर्थ? इमाम बुखारींच्या हदीस-संग्रहात अशा क्लृप्त्यांवर एक स्वतंत्र भागच आहे. त्यात जकातीच्या भीतीने एकत्र मालमत्तेचे तुकडे करू नका आणि वेगळी मालमत्ता एकत्र दाखवू नका, अशी बजावणी आहे. आणि लहानपणी मदरशात ऐकलेली शनिवारवाल्यांची गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. शनिवारी मासे धरायला मनाई होती, म्हणून त्यांनी शुक्रवारी जाळी लावली आणि रविवारी उचलली. शनिवारी कुणी पाण्याला हातही लावला नाही.

केमन, मॉरिशस, व्हर्जिन आयलंड्स ही मला त्या शुक्रवारच्या जाळ्यांसारखी वाटतात. आपल्या न्यायालयांतही हाच वाद चालला. १९८५ च्या मॅकडॉवेल खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कर चुकवण्यासाठी रचलेला देखावा कायदेशीर नियोजनात बसत नाही. पुढच्या निकालांनी ते बरंच सैल केलं. १ एप्रिल २०१७ पासून ‘गार’ नावाचा नियम लागू झाला. मुख्यतः कर टाळण्यासाठी केलेली रचना आयकर विभागाला नाकारता येते, एवढा त्याचा अर्थ. म्हणजे हेतू विचारायला आपण अधिकृतपणे २०१७ मध्ये सुरुवात केली.

अब्बांच्या परताव्याचं मात्र सांगायचं राहिलं. तो डिसेंबर २०१६ मध्ये जमा झाला. नोटबंदीचे दिवस. काळा पैसा बाहेर काढायचा होता म्हणून अब्बा त्यांचे पांढरे पैसे काढायला तीन तास रांगेत उभे राहिले. भिवंडीत रोख मजुरीवर चालणारे माग बंद पडत होते आणि कामगार गावी निघाले होते. पुढे रिझर्व्ह बँकेच्या अहवालात आलं की रद्द केलेल्या ९९.३ टक्के नोटा बँकेत परत आल्या. केमनमधला एक शेअर कुणी पाचशेच्या नोटांत ठेवत नाही. अब्बांनी ३,२०० रुपये मोजून त्या वहीत जमा दाखवले आणि संध्याकाळीच जाऊन त्या मुलाची फी भरून आले.

नंतर जानेवारी आला. नोकरदारांना जानेवारी म्हणजे काय ते माहीत आहे. ऑफिसात कर वाचवण्याचे पुरावे द्यायचे. मी अब्बांच्याच घरात राहत होतो, पण मी त्यांना घरभाडं देतो अशा पावत्या दर वर्षी जोडायचो. महिना ८,३०० रुपये. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांचं भाडं ८,३०० च असायचं, कारण वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन नंबर द्यावा लागतो. एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचं आणि खाली घरमालकाची सही. आधीची तीन वर्षं मी इतर कागदांबरोबर त्या पावत्या अब्बांपुढे ठेवल्या आणि “इथे इथे सही करा” म्हटलं. त्यांना मोतीबिंदू होता. माझ्यावर विश्वासून त्यांनी सह्या केल्या.

त्या वर्षी ऑपरेशन झालेलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिली पावती वाचली. मग दुसरी. मग विचारलं, “तू मला भाडं कधी दिलंस?”

मी म्हटलं, सगळेच करतात. मग तावातावाने बरंच बोललो. पनामा सांगितलं, हच-व्होडाफोन सांगितलं, अकरा हजार कोटी सांगितले. तुमचे ३,२०० रुपये कापताना कुणाला लाज वाटली नाही आणि आपणच का म्हणून प्रामाणिक राहायचं, असंही म्हणालो.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्यांनी जे केलं ते कोर्टाने बरोबर धरलं असं तूच सांगतोस. ही पावती तर सरळ खोटी आहे.” आणि पेन टेबलावर ठेवलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याच्या भाषेत पाहिलं तर त्या खोलीतला करचोर मी होतो. केमनचा शेअर विकणारे नव्हते. अकरा हजार कोटींची करमागणी झालेला व्यवहार कायदेशीर आणि माझे ८,३०० बेकायदेशीर. मला हे आजही अन्यायाचं वाटतं. पण तो अन्याय कुठे आहे, हे मी चुकीच्या जागी दाखवत होतो. माझी पावती खरी ठरत नव्हती म्हणून अन्याय नव्हता. त्यांना खोटी पावती करायची गरजच पडत नाही, अन्याय इथे होता. आमच्यासाठी कायदा म्हणजे ठरलेला आकडा, त्यांच्यासाठी त्यात आधीच दार काढून ठेवलेलं. बहुतेक वेळा ते दार काढणाऱ्यांनाच आपण मत दिलेलं असतं.

‘आपण सगळेच थोडे थोडे चोर, मग मोठ्यांना काय बोलणार’ असं म्हणणारे बरेच भेटतात. या वाक्यावर मोठ्यांची फार सोय होते. माझी पावती अब्बांनी अडवली. त्यांनी नसती अडवली तर कधीतरी आयकराची नोटीस आली असती. त्यांचा कागद वाचायला मात्र शंभर संस्थांचे पत्रकार लागले, आणि माल्टासारख्या देशात अशाच प्रकरणांच्या मागे लागलेल्या डॅफ्ने कारुआना गॅलिझिया या पत्रकार बाईंना २०१७ मध्ये गाडीत बॉम्ब लावून मारण्यात आलं. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. मात्र मोठ्यांना प्रश्न विचारताना आपल्या खिशात खोटी पावती असली की आवाज बसतो, एवढं मला त्या जानेवारीत कळलं.

त्या वर्षी मला सात हजारांच्या आसपास जास्त कर बसला. आधीच्या तीन वर्षांचं मी काही केलं नाही, हेही लिहून टाकतो. डब्यातल्या काकांना मात्र मी एकदा सांगितलं की हसन अली माझा कुणी नव्हता. ते म्हणाले, “अरे, गंमत करायचो आम्ही.” मी म्हटलं, माहीत आहे, पण आता करू नका. नंतर त्यांनी केली नाही.

अब्बा आता नाहीत. ती वही अम्मी चालवते. दर एप्रिलला मी तिचा १५ एच घेऊन बँकेत जातो आणि पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलत नाही.